न पाहिलेला आरोपी

सकाळी उठल्यावर मानेवर लाल, जळजळणारा पट्टा दिसतो. घरातलं कुणीतरी लगेच सांगतं, "रात्री अंगावरून कोळी फिरला असेल." असेल. पण पाहिला कुणी? पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे झेपावणारा पेडेरस नावाचा एक बारीक, काळा-केशरी किडा असतो. तो चावत नाही. झोपेत मानेखाली चिरडला गेला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. नाव मात्र कोळ्याचं होतं.

आता खरोखर विषारी असलेला एक कोळी घेऊ. अमेरिकेतल्या ब्राउन रिक्लूजच्या दंशाने कधीकधी जखमेभोवतीचं मांस सडतं. कॅन्सस राज्यातल्या एका घरात २००१ साली सहा महिन्यांत असे २,०५५ कोळी पकडले गेले. चौघांचं कुटुंब तिथे वर्षानुवर्षं राहत होतं आणि त्यांच्यापैकी कुणालाही दंश झाल्याचं आढळलं नाही. गंमत पुढे आहे. हा कोळी ज्या कॅलिफोर्नियात मुळात राहतच नाही, तिथले डॉक्टर त्याच्या दंशाची निदानं करत होते. अमेरिकेत 'कोळी चावला' म्हणून दाखवायला आणलेल्या कितीतरी जखमा प्रत्यक्षात नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफ जीवाणूच्या निघाल्या.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज विचारवंताने १८७७ साली एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज खिळखिळं झालंय याची शंका त्याला येते, पण तो मनाची समजूत घालतो आणि प्रवाशांना पाठवून देतो. जहाज बुडालं तर तो दोषी, हे उघड आहे. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता.

मला हे पूर्ण पटत नाही. मध्यरात्री मूल किंचाळत उठलं तर आई पुरावे मागत बसणार नाही. ती चप्पल उचलेल. भीती समजू शकते. शिवाय सगळेच कोळी निरुपद्रवी नसतात. सिडनीच्या फनेल-वेबने माणसं मारली आहेत. १९८१ साली प्रतिविष आल्यापासून मात्र त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. माझा आक्षेप भीतीनंतर येणाऱ्या खात्रीवर आहे. आसामातल्या सदियात २०१२ साली कोळ्यांच्या झुंडींची आणि दोन मृत्यूंची बातमी देशभर गाजली. त्या दोघांवर आधी गावठी उपचार झाले होते, जखमांना चिरा दिल्या होत्या, आणि शवविच्छेदनाआधीच अंत्यसंस्कार झाले. विषाने मारलं की चिरांनी, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मथळ्यात कोळीच राहिला.

कारण सापडलं की शोध थांबतो. कोळी हे कारण फार सोयीचं आहे: कोपऱ्यात असतोच, दिसायला ओंगळ, आणि उलट बोलत नाही.

आजीच्या पायाच्या बोटावर फोड आला तेव्हा "कोळी चावलाय" हे घरात पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. फोनवर फोटो शोधून सगळ्यांना दाखवलेही. तिने हळद लावली. साखर तपासायला तीन आठवडे उशीर झाला आणि बोट काढावं लागलं. त्या तीन आठवड्यांत घरातली सगळी जळमटं मी स्वतः काढली होती, माळ्यावरचीसुद्धा.