वर मोजतं कोण?

माणूस जमिनीखाली उतरला की त्याला पगार मिळतो आणि समुद्राखाली उतरायचं म्हटलं की त्यालाच पैसे मोजावे लागतात, हा हिशेब आमच्या चिखल्यात कुणाला पटवून देणं महाकठीण. तुमसर तालुक्यातलं हे गाव मँगनीजवर जगतं. इथे 'खाली' म्हटलं की खाण. 'बाबा खाली गेलेत' असं पोरानं दारात सांगितलं, की पाहुण्यानं पाळी सुटण्याची वेळ विचारावी आणि चहा घ्यावा.

अशा गावात माझ्या भाच्यानं दिवाळीत आम्हा सगळ्यांना समोर बसवून आपल्या बुडण्याची चित्रफीत दाखवली. भाचा पुण्याला कॉम्प्युटरवर असतो. बुडाला तो अंदमानातल्या बॅरन बेटाजवळ. श्री विजयपुरम, म्हणजे 2024पर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथून हे बेट सुमारे 140 किलोमीटर. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी तो हाच. 1991पासून तो अधूनमधून धुमसतो. 2025च्या सप्टेंबरातही त्यानं घसा खाकरला. वस्ती नाही, पर्यटकांना किनाऱ्यावर पाय ठेवायची परवानगी नाही. राहतात त्या रानटी झालेल्या बकऱ्या. धगधगत्या डोंगरावर रवंथ करणाऱ्या त्या बकऱ्यांबद्दल मला भाच्यापेक्षा जास्त आदर वाटला, पण दिवाळीच्या दिवशी बोललो नाही.

पाण्याखाली मात्र खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. काळ्या राखेची उतरण, तीवर प्रवाळ, आणि लग्नातल्या सतरंजीएवढे मांटा मासे घाई नसल्यासारखे चाललेले. प्रवाह इतका, की उतरायचं एकीकडे आणि वर निघायचं भलतीकडे. मग नारिंगी रंगाची फुगवलेली नळी उभी धरून बोटीची वाट पाहायची. घाबरून झपकन वर येता येत नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढलेला असतो, रक्तात नायट्रोजन मुरलेला असतो. घाई केली तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं ते अंगात होतं. म्हणून हळूहळू यायचं, पाच मीटरवर तीन मिनिटं लटकायचं. खाली बोलणं नाही, सगळ्या खुणा. अंगठा वर केला तर 'छान' नव्हे, 'वर चला'. आमच्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ आणखी तिसराच.

"उतरायच्या आधी एक फॉर्म भरून देतो आम्ही," भाचा म्हणाला. "काही झालं तर जबाबदारी माझी."

माझी बहीण करंजीचं ताट घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "तुझी म्हणजे?"

"रिस्क माझी आहे ना आई!"

हे वाक्य मला दिवाळी संपली तरी सोडेना. धोका खरंच असा ज्याचा त्याचा असतो का? खाणीत हा कागद चालत नाही. 1923 साली कामगार भरपाईचा कायदा आला, तेव्हाच त्यात म्हटलं होतं की मजुरानं भरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी ते लिहिणं रद्द. पोटासाठी खाली जाणाऱ्याचा धोका त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाही, असं साहेबाच्या राज्यातही मान्य होतं. मग मौजेसाठी जाणाऱ्याचा तेवढा कसा एकट्याचा? प्रवाहात तो वाहून गेला तर त्याच्यामागे जाणाऱ्या वाटाड्यानं कुठे सही केलेली असते? आणि आईची सही तर कुणी मागतच नाही. बरं, तिची मागायची ठरवली तर जगातला कुठलाच मुलगा खाटेवरून खाली उतरणार नाही, हेही खरं. (हाच मुलगा पुण्यात रोज मोटरसायकल चालवतो, त्यावर तिची हरकत नाही.) आपण ज्याला कौतुकानं 'साहस' म्हणतो, ते जुन्या धर्मशास्त्रात गुन्ह्याचं नाव होतं. मी इतक्या टोकाला जाणार नाही. मांटा मी पाहिलाय, चित्रफितीत का होईना. तो पाहायला कुणीच जाऊ नये असं म्हणणारा माणूस मला दरिद्री वाटेल.

शेजारचे दादाजी तीस वर्षं खाली जाऊन आलेले. ते गप्प पाहत होते. शेवटी एकच बोलले, "बेटा, तुमी पान्यात गेले, तं वरतं मोजते कोन?"

भाचा हसला. मी नाही हसलो. माझी सगळी नोकरी हजेरीच्या रजिस्टरात गेली; किती खाली गेले, किती वर आले. पाळी सुटल्यावर एक आकडा जुळेना तर घशाला कशी कोरड पडते ते मला विचारा. 1998च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला पाण्यातच ठेवून बोट परतली. वादळ नव्हतं, शार्क नव्हता, मोजणी चुकली. ध्यानात आलं दोन दिवसांनी, बोटीवर त्यांचं सामान सापडलं तेव्हा. दोघं पुन्हा दिसले नाहीत.

हे मी भाच्याला सांगितलं. म्हणाला, "मामा, आमच्याकडे एक मुलगा यादी घेऊन उभा असतो." त्याचं नाव विचारलं, तर माहीत नव्हतं. मांटा माशाचं लॅटिन नाव मात्र पाठ होतं.

फेब्रुवारीत तो पुन्हा चाललाय. बहिणीनं नको म्हटलं नाही. माझ्याकडून एक जुनं रजिस्टर तेवढं मागून नेलं आणि त्यात 'खाली' आणि 'वर' असे दोन रकाने आखले. एकदा खाली जाऊन आला की त्यानं फोन करायचा, असं ठरलंय. बेटाजवळ फोन लागत नाही, तेव्हा ते दोन दिवस कोरेच राहणार. त्यांच्या तारखा तिनं आत्ताच घालून ठेवल्यात.