घासलं होतंस का?

रंगवलेल्या कपाटांचे फोटो कौतुकाच्या अपेक्षेने दाखवतो आहेस, ते मला कळतंय. नाही करणार कौतुक. खालच्या कडेला ओघळ आहेत, मधल्या दारावर ब्रशचे केस चिकटलेत, आणि बिजागऱ्या? अरे, बिजागऱ्यांवरसुद्धा रंग फासलास! दार उतरवायचं, मागे पेन्सिलीने नंबर टाकायचा, बिजागऱ्या-मुठी-स्क्रू एका डब्यात ठेवायचे. एवढंही जमू नये? कार्यानुभवाच्या तासाला मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत होतास, ते आज स्वयंपाकघरात दिसतंय.

म्हणे, रंगारी फार पैसे मागत होता. आणि आता नखाने खरवडलं की पापुद्रे निघतात, तर म्हणे रंगच हलका निघाला. रंगाला नावं ठेवू नकोस. ती भिंतीतली कपाटं तुझ्या वडिलांच्या काळातली. आधीचा ऑइलपेंट तुळतुळीत, त्याच्यावर इतक्या वर्षांच्या फोडण्यांचा मेणचट थर, आणि त्याच्यावर तुझा नवा रंग. तेल चोपडलेल्या कपाळावर टिकली टिकते का? धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दारं धुतली होतीस? नाही. घासलं होतंस का? ‘थोडंसं.’ थोडंसं म्हणजे किती रे? जुन्या रंगाची चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं असतं. चमक दिसते आहे तोवर तू सुरुवातच केलेली नाहीस.

आणि ते थोडंसं घासलंस तेही कोरडं, पोर त्याच खोलीत रांगत असताना. इथे मात्र मी खरोखर चिडलो आहे. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुझ्या कपाटांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ जमिनीवर बसते, पोराच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. असा जुना रंग कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर घ्यायचा, पाणी मारत घासायचं, तोंडाला नीट मास्क लावायचा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून काढायचं, आणि काम संपेपर्यंत पोराला आजीकडे ठेवायचं. वर टर्पेंटाइनचा डबा कुठे ठेवला होतास? गॅसच्या ओट्यावर! शाबास.

पुढचं ऐक. घासून, पुसून, वाळवून झालं की अस्तर, म्हणजे प्रायमर. मग खड्डे आणि फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायच्या. लांबी वाळली की १८० किंवा २२० नंबरच्या पेपरने सपाट करायची, पुन्हा अस्तराचा हात, तो हलक्या हाताने ३२० नंबरने घासायचा, आणि मग कुठे रंगाचा डबा उघडायचा. तू डब्यापासूनच सुरुवात केलीस. वेळ वाचवायला दोन हातांचा रंग एकाच हातात थापलास. टर्पेंटाइन उडालं की रंग वाळला, असा तुझा समज दिसतो. ऑइलपेंट हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातो. जाड थर दिला की वरचा पापुद्रा आधी धरतो, आत ओलाच राहतो, आणि मग त्या सुरकुत्या पडतात, ज्यांना तू ‘टेक्स्चर’ म्हणतो आहेस. त्यात भर पावसाळ्यात काम काढलंस आणि दुसऱ्याच दिवशी दारं गच्च लावून टाकलीस. बोटाला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं. पुरता कडक व्हायला आठवडे जातात. म्हणून तुझी दारं चौकटीला चिकटतात. आतून पांढरा ऑइलपेंट दिलास, तोही बंद दाराआडच्या अंधारात पिवळा पडत जाईल. पडला की माझ्याकडे येऊ नकोस.

आता म्हणतोस, रंगारीच बोलावतो. थांब. त्याच्याशी कसा वागणार आहेस, ते मी न बघता सांगतो. तो फुटामागे दर सांगेल, तू तो पाडशील आणि फुशारकी मारशील. पाडलेला दर तो कुठून भरून काढणार? रंगाच्या डब्यातून नाही, डबा तू स्वतः आणून दिलेला असतो. घासकामातून काढणार, कारण ते रंगाखाली झाकलं जातं. महिन्याभराने पोपडे निघाले की तू त्याला चोर म्हणशील. चोरी तूच करायला लावलीस. दर विचारण्याआधी दारं उतरवणार का, अस्तराचे आणि रंगाचे हात किती, दोन हातांच्या मध्ये किती तास ठेवणार, हे विचारायचं. या प्रश्नांवर जो उत्साहाने बोलतो त्याला काम द्यावं. ‘साहेब, तुम्ही चिंताच करू नका’ एवढंच म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

हौसेला माझी ना नाही. तुझी दारं लाकडी आहेत, ब्रशने होण्यासारखी आहेत, रविवारामागून रविवार घालवायची तयारी असेल तर कर. पण हॉलमधल्या त्या सनमायकाच्या कपाटाकडे बघतो आहेस ना, तिथे हात घालू नकोस. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर साधा ऑइलपेंट धरत नाही. आणि बायकोला हवी तशी, कुठेही ब्रशची रेघ नसलेली झिलई हवी असेल तर ते काम कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनवाल्याचं. त्याच्याकडे धूळ नसलेली जागा असते, हात बसलेला असतो. तो हात तुला एका व्हिडिओतून येणार नाही.

पाऊस संपू दे. मग माळ्याजवळचं, कुणाच्या नजरेला न पडणारं एकच दार उतरव आणि त्याच्यावर सोड्यापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं कर, एकही पायरी न गाळता. जमलं तर बाकीची घे. घासतानाच कंटाळा आला तर मुकाट्याने रंगाऱ्याला बोलाव, आणि तो घासकामाचे जे पैसे मागेल त्यातला रुपयाही कापू नकोस.