फुलामागचा धूसर डाग

सरळ प्रश्न विचारतो. पोटाचा प्रश्न उभा असताना फुलांचे फोटो काढणं गुन्हा आहे काय?

मी सिंदेवाहीचा. फाल्गुन-चैत्रात कॅमेरा घेऊन जमिनीवर पालथा पडतो. रस्त्याकडेची एकदांडी, जिला शेतकरी तण म्हणून उपटतो, ती भिंगाखाली धरली की कळतं, हे एक फूल नाहीच. मधे बारकी पिवळी फुलं दाटीवाटीनं बसलेली, कडेला पाकळीवाली चार-पाच. वाळली की प्रत्येकाचं एक बी, आणि प्रत्येक बियाला स्वतःची केसाळ छत्री. वारा आला की निघालं. तण हा शब्द तिच्या अंगावर कुठंच सापडत नाही. तो बांधावर उभ्या माणसाच्या तोंडात असतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणजे जवळून बघणं चांगलंच. पण भिंग जितकं जवळ न्यावं, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ होते. एका पहाटे मोहाचं रसाळ फूल टिपत होतो. मागे एक माय टोपलं घेऊन फुलं वेचत होती. फोटोत ती करडा डाग झाली. तिनं विचारलं, "कायचा फोटू काढून रायला बापा?"

म्हणालो, फुलाचा.

"मंग वेचणारीचा कोन काढन?"

मी गप्प. २०२५ च्या मे महिन्यात याच तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोह-तेंदूवर जंगलात राहणाऱ्यांची मालकी मानली. पण जो आदिवासी नाही, त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आमच्या आज्या याच झाडांखाली वाकल्या. त्यांची नोंद कोणी ठेवली? प्रत्येकाच्या चित्रात त्या मागचा डागच होत्या.

म्हणून फोटो सोडायचे? मुळीच नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना वर मान करून बघायची फुरसत मिळाली नाही, त्यांनी फूल का सोडावं? फूल निर्दोष आहे. गुन्हा आहे तो धुसर भागाला रिकामी जागा समजण्यात.

भिंगाचं तोंड बारीक केलं की मागचंही स्पष्ट होतं. फक्त उजेड कमी पडतो, जास्त वेळ थांबावं लागतं. मी आता थांबतो. आणि त्या मायला आधी विचारतो, "काढू काय?"