देवाची निद्रा, भक्ताची विश्रांती

आजच्या धकाधकीच्या जीवनात विश्रांती म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी अनेकांची समजूत झाली आहे. तीर्थक्षेत्री आलेला भाविकही घड्याळाकडे पाहतच रांगेत उभा राहतो आणि दर्शन होताच पुढच्या क्षेत्राचा रस्ता धरतो. परंतु ज्या देवाच्या ओढीने तो येतो, त्या देवाच्या नित्यक्रमात विश्रांतीला मानाचे स्थान आहे. पहाटे काकडआरतीने देवाला जागवावे व रात्री शेजारतीने निजवावे, ही आपल्या मंदिरांची रीत आहे.

तुळजापूरच्या श्री तुळजाभवानी मातेच्या वार्षिक क्रमात तीन निद्रा सांगितल्या आहेत. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. या काळात देवीची चल मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निद्रिस्त केली जाते. दसऱ्याला हा पलंग अहिल्यानगरहून आणि पालखी बुऱ्हाणनगरहून येण्याची परंपरा आहे. महिषासुराचे मर्दन करणारी आदिशक्तीसुद्धा कार्यापूर्वी शक्तिसंचय करते आणि कार्यानंतर श्रमपरिहार करते, हा या परंपरेचा बोध आहे.

पंढरपुरी याच भावाचे दुसरे रूप दिसते. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येतात, म्हणून यात्रेपूर्वी विठुरायाचा पलंग काढला जातो आणि मंदिर दर्शनासाठी अहोरात्र खुले राहते. भक्तांसाठी देव निद्रेचा त्याग करतो. यात्रा पार पडली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून चरणांना लिंबू-साखर लावतात, स्नान घालतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. जागरणाला जशी मर्यादा आहे, तसा विश्रांतीलाही नेमलेला काळ आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी हेच तत्त्व सांगितले आहे. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा सतत जागणाऱ्यालाही साधत नाही. आळस आणि विश्रांती यांतील भेद येथेच आहे. आळशी मनुष्य कर्तव्यापासून पळतो, विश्रांती घेणारा कर्तव्याकडे ताजा होऊन परततो. ‘मी थांबलो तर सारे थांबेल’ असे ज्याला वाटते, त्याने स्वतःच्या मनाशी विचार करावा. त्या वाटण्यात कर्तव्यबुद्धी किती आणि अहंकार किती? जग चालविणारा निराळा आहे, हे मान्य केल्याखेरीज खरी शांत झोप लागत नाही.

दर्शनानंतर सभामंडपात किंवा पायरीवर क्षणभर टेकावे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. गाभाऱ्यात लाभलेले रूप त्या बैठकीत मनात स्थिरावते. पाच मिनिटे डोळे मिटून, काहीही न मागता, श्वासाबरोबर नामस्मरण करावे. भ्रमणध्वनी तेवढा वेळ बंद राहिल्याने कोणाचे काही अडत नाही.

विश्रांती जशी घ्यावयाची असते, तशी द्यावयाचीही असते. रात्रभर गाडी चालवून कुटुंबाला क्षेत्री आणणाऱ्या चालकाला परतीपूर्वी पुरेशी झोप मिळाली का, याची विचारपूस अवश्य करावी. डुलकीच्या एका क्षणात यात्रेचे पुण्यच नव्हे, सारे घर पणाला लागते. घरी अखंड राबणारी माउली यात्रेतही डबे, पिशव्या आणि मुले सांभाळत असते. तिलाही घटकाभर निवांत बसू द्यावे, तीही देवीचीच सेवा होय.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांनी अठराव्या शतकात देशभरातील तीर्थक्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. थकल्या वाटसरूच्या पाठीला टेकू मिळणे, हेही त्या पुण्यकर्माचे फळ होते. आजही भक्तनिवास, पाणपोई आणि सावलीचा मंडप यांसाठी दिलेले दान कोणा अनोळखी यात्रेकरूच्या सुटकेच्या निःश्वासात पोहोचते. दात्याला त्याचे नाव कळत नाही, देवाला मात्र कळते.

दर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या देहाला विसावा व मनाला स्थैर्य लाभो आणि तो सुखरूप घरी पोहोचो, हीच श्रीचरणी प्रार्थना.