गुप्तदानाचं चलन

ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या गल्लीत एक काकू राहतात. नवरा गेल्यावर काशीवासासाठी साताऱ्याहून आलेल्या, स्वभावाने ताठ. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या खोलीचं भाडं थकल्याचं कानावर आलं, म्हणून मी त्यांच्या खात्यावर यूपीआयने तीन हजार रुपये पाठवले. कोणी पाठवले हे त्यांना कळू नये एवढीच इच्छा होती. या यंत्रणेत त्या इच्छेला जागाच नाही, हे पैसे गेल्यावर लक्षात आलं. फोनवर माझं नाव, तारीख, वेळ, सगळं उमटलं होतं. दुसऱ्या दिवशी काकू पेढे घेऊन दारात. "अगं, कशाला एवढं?"

तेव्हापासून काहीतरी बिघडलं. पूर्वी माझ्या पोह्यांत मीठ कमी असलं तर तोंडावर सांगणाऱ्या काकू आता सगळंच छान म्हणतात. हिंदीतला 'एहसान' हा देणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे. 'मिंधा' हा घेणाऱ्याच्या. मी काकूंना मिंधं केलं.

संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणं लपवून द्यायची रीत आहे. तिथे देणारा दिसतो, दान दिसत नाही. दानपेटीत दान पडतं, देणारा दिसत नाही. दोन्ही रीतींना रोख पैसा लागतो, कारण नाण्याला आठवण नसते. ते कोणाच्या हातून आलं हे त्याला सांगता येत नाही. २०१६ साली यूपीआय आलं आणि काही वर्षांत घाटावरच्या चहावाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांकडे क्यूआर कोडची पाटी लागली. सोय झाली, मी रोज वापरते. पण या पैशाला सगळं आठवतं.

यावर बिटकॉइनचं नाव घेतलं की लोकांना वाटतं, हा तर चोरट्यांचा गुप्त पैसा. खरं तर उलट आहे. २००९पासून चालू असलेली ही वही जगातल्या कोणालाही उघडून वाचता येते. तिच्यात नावं नसतात, पत्ते असतात. पण एकदा का एखादा पत्ता माझा आहे हे कळलं, की त्या पत्त्यावरचा मागचा-पुढचा सगळा व्यवहार उघडा पडतो. गावच्या चावडीवर खातेवही टांगून ठेवावी आणि फक्त नावाच्या जागी आकडे लिहावेत, तसं ते आहे.

अनुवादक म्हणून मी या विषयात शिरले ती 'ट्रस्टलेस' या शब्दापायी. बिटकॉइनवाल्यांचा हा लाडका शब्द. कोणावर विश्वास ठेवायची गरजच उरू नये, असा त्याचा अर्थ. मराठीत 'अविश्वासू' म्हणावं तर शिवी होते, 'विश्वासमुक्त' म्हटलं तर सरकारी योजना वाटते. शेवटी मी अख्खं वाक्य लिहिलं. पण विचार मागे राहिला: आपल्याकडे पैशाच्या भाषेचा पायाच 'पत' हा आहे, आणि त्या शब्दात अब्रूही आहे आणि उधारीही. बनारसच्या सावकारांच्या हुंड्या पतीवरच चालत. पुण्याहून काशीला दक्षिणेचे रुपये पाठवायचे तर रोकड वाटेत लुटली जाई. हुंडीचा कागद येई आणि इथली पेढी रुपये मोजून देई. पेढी बुडाली की कागद रद्दी.

ईकॅश या दोन टोकांच्या मधली गोष्ट आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन गणितीने १९८२ साली 'अंध सही'ची कल्पना मांडली. समजा, मी एका चिठ्ठीवर मनातला एक लांबलचक आकडा लिहिला, ती कार्बन लावलेल्या पाकिटात बंद केली आणि टांकसाळीकडे दिली. टांकसाळीने पैसे घेतले आणि पाकिटावर सही केली. सही आतल्या चिठ्ठीवर उमटली. आता ती चिठ्ठी मी कोणालाही देऊ शकते. तो ती टांकसाळीत नेतो तेव्हा टांकसाळ आपली सही ओळखते, पण हे पाकीट कोणाचं होतं ते तिला सांगता येत नाही. आकडा मात्र ती टिपून ठेवते, म्हणजे तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा वटत नाही. इथे कागदाची जागा गणित घेतं, एवढंच.

चॉमची डिजिकॅश कंपनी १९९८ साली दिवाळखोर झाली आणि तिची ईकॅश तिच्याबरोबर गेली. एकाच कंपनीच्या तंत्रावर चालणारा पैसा होता तो. आता 'कॅशू' आणि 'फेडीमिंट' या नावांनी तीच कल्पना परत आली आहे, पण तिच्या खाली बिटकॉइन आहे, जे कोणा एका कंपनीबरोबर बुडत नाही. शिवाय एका टांकसाळीतून दुसरीकडे पैसे न्यायला लाइटनिंगचं जाळं आहे. म्हणून मला 'बिटकॉइन की ईकॅश' हा वादच चुकीचा वाटतो. पुंजी तिजोरीत, उलाढाल पेढीवर, आणि भाजीपुरते पैसे कनवटीला. आपल्या आज्या हे तिन्ही एकाच वेळी करत.

कनवटीचे पैसे हरवू शकतात, हे त्यांना ठाऊक असे. ईकॅशचंही तसंच. टांकसाळ चालवणारा ठेवलेलं बिटकॉइन घेऊन पळू शकतो, किंवा जवळ आहे त्याहून जास्त चिठ्ठ्या छापू शकतो, आणि जी अंधता मला झाकते तीच त्याची लबाडीही झाकते. फेडीमिंटमध्ये एकाऐवजी अनेक राखणदार असतात आणि त्यांतल्या ठरावीक संख्येच्या संमतीवाचून पैसे हलत नाहीत. जोखीम कमी होते, जात नाही.

लाचेचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. चॉमच्या मूळ रचनेत देणारा झाकला जाई, पण घेणाऱ्याला पैसे बँकेत भरताना समोर यावं लागे; लाच खाणाऱ्याला ती अडचणीची होती. आजच्या कॅशूत घेणाराही झाकला जातो. हा बदल सोयीचा आहे, नैतिकदृष्ट्या निर्दोष नाही, आणि त्याचे पुरस्कर्ते यावर भरभर बोलून पुढे जातात. तरी रोख पैशातही लाच चालते, म्हणून आपण नाणी वितळवली नाहीत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मी कोणाला किती दिलं, हे त्यात येत नाही असं मला कोणी पटवून द्यावं.

आपल्याकडे आभासी मालमत्तेच्या नफ्यावर २०२२पासून तीस टक्के कर आहे, त्यामुळे बिटकॉइनने चहा पिणं हा हिशेबाचा छळ. रिझर्व्ह बँकेनेही त्याच वर्षी १ डिसेंबरला ई-रुपयाचा किरकोळ प्रयोग सुरू केला. पण ती टांकसाळ एकच आहे, आणि किती विसरायचं हे तीच ठरवणार. म्हणून छोटे, वेगवेगळे, हरले तरी चालतील अशा रकमांचे प्रयोग लोकांनी करत राहावेत, असं मला वाटतं. मी पाचशे रुपयांच्या आसपासची रक्कम चिठ्ठ्यांत बदलली आणि पुण्याच्या भाचीला निरोपात पाठवली. मजकुराची एक लांबलचक ओळ होती ती. तिने ती उघडून आपल्या फोनमध्ये घेतली आणि विचारलं, "मावशी, हे कुठे चालतं?" तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तर नाहीच.

काकूंचा वाणीही असल्या ओळी घेणार नाही. त्यांचं भाडं पुन्हा थकलं आहे. या वेळी मी नोटा पाकिटात घालून गल्लीतल्या दत्तमंदिरातल्या गुरुजींकडे दिल्या. अंध सही काही त्यांना येत नाही. पाकीट कोणाचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण काकूंना त्यांनी "देवाकडून आलंय" एवढंच सांगितलं, आणि काल काकूंनी माझ्या आमटीला नाव ठेवलं. गुरुजींना आता अठ्ठ्याहत्तरावं वर्ष लागलं आहे.