सोवळ्यातला तवा

माणसाला आजार व्हावा, पण तो चारचौघांत सांगण्याजोगा तरी असावा. मधुमेह झाला की माणसाला थोडी प्रतिष्ठा येते. रक्तदाब तर असावाच लागतो. तो नसला तर आयुष्यात तुम्ही जबाबदारीचं काही काम केलंच नाही, असं लोक समजतात. माझ्या वाट्याला आला सीलियाक! हे नाव प्रथम ऐकलं तेव्हा मला ती एखादी परदेशी मोटार वाटली. चंद्रपुरात अजूनही कुणाला सांगितलं, की समोरचा दोन मिनिटं गंभीर होतो आणि विचारतो, "पण जेवण तर जातं ना?"

जेवण जातं. भानगड तीच आहे.

वर्षभर मी पांढराफटक पडत चाललो होतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडं रक्त कमी भरलं, की डॉक्टरांचा पहिला संशय सिकलसेलवर आणि दुसरा मलेरियावर. दोघेही निर्दोष सुटले. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या इतक्या खाल्ल्या, की पावसात बाहेर पडलो तर गंज चढेल अशी मला भीती वाटू लागली. रक्त मात्र तसूभरही वाढलं नाही. अखेर नागपूरच्या एका डॉक्टरांनी रक्ताची एक निराळीच तपासणी केली, तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कपटा काढला आणि निकाल दिला : "गहू बंद. सातू बंद. जन्मभर."

आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात. खाल्लेल्याचं सत्त्व ते शोषून घेतात. गव्हात ग्लूटेन असतं; कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही, ती त्याच्यामुळं. माझ्या शरीराला ते शत्रू वाटतं आणि त्या शत्रूवर चालून जाताना ते स्वतःचीच मखमल कापून काढतं. हा प्रकार मी राजकारणात पुष्कळ पाहिला होता. पोटात चालू असेल असं वाटलं नव्हतं.

हे कोडं सोडवलं विलेम डिके नावाच्या एका डच बालरोगतज्ज्ञानं. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळं हॉलंडात अन्नान्न दशा झाली. लोक ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढू लागले. पाव दिसेनासा झाला आणि या आजाराची खंगलेली मुलं सुधारू लागली. पाव परत आला, तशी ती पुन्हा खंगली. डिके यांनी १९५० साली प्रबंध लिहून गव्हाचा गुन्हा शाबीत केला. भोवतीचं गाव उपाशी आणि त्यातली चार मुलं अंग धरताहेत! जगात सगळ्यांना सारखं मानवेल असं काही नसतं, हेच खरं.

घरी वेगळा तवा आला. वेगळं पोळपाट-लाटणं आलं. पुडीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो असं कळल्यावर हिंगाची डबी हद्दपार झाली. गिरणीत गव्हाच्या मागं दळलेली ज्वारी मला विटाळलेली वाटू लागली, म्हणून घरघंटी घेतली. एके दिवशी बायको पोळीचा हात माझ्या तव्याला लावणार एवढ्यात मी ओरडलो, "शिवू नकोस त्याला!"

बायको शांतपणे म्हणाली, "आजेसासूबाई परत आल्या वाटतं."

मी चपापलो. आवाज खरंच आजीचा होता. तिचं सोवळं कडक. त्या सोवळ्याविरुद्ध मी पस्तीस वर्षं शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषणं केली, निबंध लिहून घेतले, उत्तम निबंधांना बक्षिसंही दिली. आणि आता मीच भांडी वेगळी करून बसलो होतो! मी मनाशी खुलासा केला : आजीचं सोवळं माणसांविरुद्ध होतं, माझं धान्याविरुद्ध आहे. तिच्या पाठीशी रूढी होती, माझ्या पाठीशी प्रयोगशाळेचा कागद आहे. या खुलाशावर मी सहा महिने अगदी सुखात होतो.

मग कुरखेड्याकडच्या एका खेड्यातून माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं बोलावणं आलं. त्यानं नवं घर बांधलं होतं. त्या मुलखात दोन्ही वेळा भात. पण पाहुण्याला, त्यातून गुरुजींना, रोजचा भात कसा वाढायचा? त्याच्या आईनं मुद्दाम गहू आणून, निवडून, दळून पोळ्या केल्या होत्या. वर तुपाची धार. ताट समोर आलं आणि मी म्हणालो, "मला हे चालत नाही."

घर एकदम गप्प झालं. मग म्हातारी हळूच म्हणाली, "आमच्या घरचं चालत नाई का जी तुमाले?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आधीच ठाऊक असलेलं उत्तर पुन्हा ऐकावं, तसा तो आवाज होता. मी घाईघाईनं आजार सांगितला, अंकुर सांगितले, हॉलंड सांगितलं. जितकं जास्त सांगत गेलो, तितकं ते निमित्त वाटू लागलं. शेवटी मी दीड पोळी खाल्ली. पुढचे चार दिवस त्या दीड पोळीनं मला खाल्लं.

परतताना विद्यार्थी म्हणाला, "मनावर घेऊ नका गुरुजी. माय लहानपणी मालगुजाराच्या घरी कामाले जायची. तिचा चहाचा कप तिथं अलग ठेवलेला असायचा, गोठ्याच्या खांबापाशी."

त्या चार दिवसांत अंथरुणावर पडून मी विचार केला. पोळी मी कुणासाठी खाल्ली? म्हातारीसाठी नव्हे. 'गुरुजी सुधारकी होते म्हणे' असं कुणी म्हणू नये, यासाठी. तिचा चेहरा तर दीड पोळीनंतरही तसाच होता. माझा हेतू स्वच्छ होता, हे कबूल. पण 'चालत नाही' हे शब्द माझे एकट्याचे थोडेच आहेत? माझ्या आधी ते आजीनं वापरले, तिच्या आजीनं वापरले. ते उष्टं भांडं मी विसळलंही नाही आणि म्हातारीनं त्यात स्वच्छ पाणी पाहावं, अशी अपेक्षा करत बसलो! तिनं विश्वास ठेवायला हवा होता, असं म्हणण्याचा हक्क मला नव्हता. विश्वास बसेल असं वागण्याचं काम माझं होतं.

आणि गंमत अशी, की मला चालणारं सगळं त्या घरात चुलीवर होतं. भात होता, तोही एचएमटीचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वर्षानुवर्षं जपलं, वाढवलं, तो हा तांदूळ. तेव्हा मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे मोठेपणा; म्हणून तांदळाला घड्याळाचं नाव पडलं. ज्यांच्या हातचं पाणी माझ्या आजीनं घेतलं नसतं, त्यांनी शोधलेल्या तांदळावर आज तिचा नातू जगतो आहे.

दिवाळीनंतर मी न बोलावता त्या गावी गेलो. आधी निरोप धाडला : 'गव्हानं मी आजारी पडतो. तुम्ही रोज खाता तेच मला वाढा.' 'तुमचं मला चालत नाही' याऐवजी 'तुमचंच मला चालतं' एवढं सांगायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पहिल्या वेळी ते मला सुचलं नव्हतं.

भात होता, लाखोळीचं वरण होतं, वांग्याची भाजी होती आणि तांदळाची भाकर. चुलीवर मातीचा कोरा तवा दिसला. म्हातारी म्हणाली, "हा तुमच्यासाटी अलग ठेवला जी. याच्यावर गहू नाई चढत." जेवण झाल्यावर तिनं तो पुसला आणि उंच फळीवर, मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवला.

मला गोठ्याच्या खांबापाशी ठेवलेला कप आठवला. तिला आठवला का, हे विचारण्याचं धैर्य मला झालं नाही. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

घरी येऊन हकीकत सांगितली. बायको म्हणाली, "म्हणजे आता तुमचं सोवळं दोन घरांत!"