तुमचा ब्राउझर कुणी निवडला?

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचताय. कोणत्या ब्राउझरमध्ये, ते न बघता सांगता येईल? व्हॉट्सॲपवर कुणी लिंक पाठवली असेल, तर फोननं आधीच ठरवून ठेवलेल्या ब्राउझरमध्ये ती उघडली असेल. इन्स्टाग्रामवरून आला असाल, तर कदाचित तुम्ही इन्स्टाग्राममधून बाहेरच पडलेला नाही. त्या ॲपच्या पोटात स्वतःचा एक छोटा ब्राउझर असतो, त्यातच हे पान दिसत असेल. २०२२मध्ये फेलिक्स क्राऊझ या संशोधकानं दाखवून दिलं होतं, की आयफोनवर हा पोटातला ब्राउझर दुसऱ्यांच्या पानांमध्ये स्वतःचा कोड घालतो. ज्यांच्या फोनमध्ये हे होत होतं, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण एखादा ब्राउझर वापरतोय हेच माहीत नसणार.

‘कोणता ब्राउझर चांगला?’ यावर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये तासन्‌तास वाद होतात. वेग, मेमरी, एक्स्टेन्शन, सगळं त्यात येतं. मला त्याआधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. जी गोष्ट आपली आवड म्हणून आपण सांगतो, ती निवडली कुणी? आणि दुसऱ्याच्या वतीनं अशी निवड करायचा हक्क कुणाला, कोणत्या अटीवर?

चौकोन आणि अक्षरं

२०११-१२च्या सुमारास नांदेडमध्ये आम्हा शाळकरी पोरांच्या हातात इंटरनेट आलं ते घरातल्या मोठ्यांच्या नोकियावर. मराठी पान उघडलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, कारण त्या फोनांत देवनागरी फॉन्टच नसायचा. मग कुणीतरी युक्ती सांगितली. ऑपेरा मिनी टाकायचं, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असं इंग्रजीत लिहायचं, आणि जी यादी उघडेल तिच्यात अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचा पर्याय ‘येस’ करायचा. तेवढं केलं की चौकोन जाऊन अक्षरं यायची. ती खरं तर अक्षरांची चित्रं होती. कंपनीच्या सर्व्हरवर तयार होऊन फोनवर यायची. पण वाचता यायचं.

दुसरा फायदा पैशांचा. ऑपेरा मिनी पान थेट आणत नसे. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाई, तिथं आटून लहान होई आणि मग आपल्याकडे येई. चिमूटभर डेटाचा पॅक त्यामुळे महिनाभर पुरायचा. आमच्यासाठी हा ब्राउझर म्हणजे आवडीनिवडीचा विषयच नव्हता. त्याच्यात आपली लिपी दिसत होती आणि तो खिशाला परवडत होता.

त्याची किंमत मात्र होती. पान मधल्या सर्व्हरवर आटवायचं, तर त्या सर्व्हरला ते वाचता आलं पाहिजे. कुलूपवाली सुरक्षित पानंसुद्धा तिथं उघडली जात आणि पुन्हा बांधून पुढे पाठवली जात. कंपनीनं हे लपवलं नव्हतं. पण नांदेडच्या गल्लीत ती इंग्रजी माहिती वाचतंय कोण?

पुढे अँड्रॉइड आलं आणि यूसी ब्राउझर घरोघरी पोचला. त्यात गाणी, व्हिडिओ भराभर डाउनलोड व्हायचे. २०१५मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबनं दाखवलं, की त्याच्या इंग्रजी आवृत्तीतही आपण शोधलेले शब्द कुलूप न लावता उघडे पाठवले जातात. वापरणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. मग २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात यूसीही गेला. सरकारचं कारण रास्त होतं की नव्हतं, हा वेगळा वाद. माझा मुद्दा एवढाच, की तो आला तेव्हाही कुणी आपल्याला नीट सांगितलं नाही, आणि गेला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

बाजार कसा ठरवतो

आता बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोम आहे. तो चांगला ब्राउझर आहे, हे आधीच मान्य करतो. पण तो चांगला आहे म्हणून तिथं आहे, की तिथं आहे म्हणून चांगला वाटतो?

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवं तर गूगलच्या ॲपचा सगळा संच फोनमध्ये आधीपासून टाकलाच पाहिजे, या अटीवर आयोगाचा आक्षेप होता. ॲप स्टोअरमधल्या ताकदीच्या जोरावर कंपनीनं ब्राउझरच्या बाजारात क्रोमची जागा राखली, असा स्पष्ट निष्कर्ष त्या आदेशात आहे. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. अमेरिकेतल्या खटल्यात तर आकडाच बाहेर आला. आपलं सर्च इंजिन दुसऱ्यांच्या फोनांत आणि ब्राउझरमध्ये पहिलं राहावं, यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर दिले होते.

हवं तर कुणीही दोन मिनिटांत बदलू शकेल अशा गोष्टीसाठी कुणी एवढा पैसा का देईल? कारण माणसं बदलत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

युरोपनं त्यावर उपाय काढला. २०१०पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचं एक पान दाखवायचं ठरलं. मग विंडोज ७च्या एका अपडेटमधून ते पान गायब झालं आणि चौदा महिने गायब राहिलं. युरोपियन कमिशनच्या हिशेबानं सुमारे दीड कोटी लोकांना ते दिसलंच नाही. २०१३मध्ये कंपनीला ५६.१ कोटी युरोचा दंड झाला. मला त्या दंडापेक्षा ते चौदा महिने जास्त विचारात टाकतात. पैसे गेले की कळतं, तसं निवडीचा हक्क गेला की कळत नाही. संगणक रोजच्यासारखाच चालू राहतो.

वाढप्याचा धर्म

यावर एक सोपं उत्तर असतं: कुणीच काही ठरवू नये, प्रत्येकानं आपापलं निवडावं. पण ते जमत नाही. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांनी २००८च्या ‘नज’ या पुस्तकात कँटीनचं उदाहरण दिलंय. पदार्थ कुठल्या ना कुठल्या क्रमानं मांडावेच लागतात, आणि जो क्रम लावाल त्याचा खाणाऱ्यावर परिणाम होतोच. काहीच न ठरवणं हा पर्याय तिथं नसतो.

आपल्याकडे कँटीनपेक्षा पंगत जवळची. पंगतीत पहिल्यांदा काय वाढायचं, किती वाढायचं, हे वाढपी ठरवतो. त्यात गैर काही नाही. कुणीतरी वाढायलाच हवं. पण प्रत्येकाला एक हक्क असतो. नको असेल तर पानावर हात धरायचा. वाढपी आग्रह करेल, चेष्टा करेल, पण हात बाजूला सारून वाढणार नाही. आणि काय वाढतोय ते मोठ्यानं सांगत येईल: ‘भाजी, भाजी!’

डीफॉल्टची नीती मला यात सापडते. दुसऱ्यासाठी ठरवणाऱ्यानं दोन गोष्टी पाळाव्यात. काय वाढतोय ते सांगावं, आणि ‘नको’ म्हणता येईल असं ठेवावं. मोठ्या कंपन्या या दोन्हींत कमी पडतात, हे म्हणणं सोपं आहे. अवघड जातं ते आपण स्वतः वाढपी असतो तेव्हा.

आईचा फोन

मराठवाड्यातल्या कुठल्याही घरातला इंजिनिअर मुलगा सुट्टीला आला की दोन-चार फोन त्याच्या हातात येतात. ‘लई हळू चालायलाय’, ‘हे उघडंना गेलंय’, ‘तुला कळतं ते कर’. हे ‘तुला कळतं ते कर’ म्हणजे कोरा चेक. त्या क्षणी मी आयोगानं दंड केलेल्या कंपनीच्याच जागी उभा असतो, फक्त फुकट.

आईच्या फोनमध्ये फायरफॉक्स टाकून त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बसवावं, असं मला वाटत होतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये असं एक्स्टेन्शन टाकताच येत नाही. ‘तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस सापडले’ असल्या खोट्या पाट्या तिला दिसू नयेत, हा माझा हेतू. माझ्या बाजूनं तो शुद्धच होता. पण हेतू शुद्ध असला म्हणून न विचारता करावं का?

मी तिला सांगायला बसलो.

“मग आधीचं वाईट होतं का?” तिनं विचारलं.

वाईट नाही, पण तू काय बघतेस त्यावर कंपनी लक्ष ठेवते, मी म्हणालो.

“बघून काय करती?”

जाहिराती दाखवते.

“ते तर टीव्हीवाले बी दाखवतात.”

टीव्हीला समोर कोण बसलंय ते माहीत नसतं, फोनला माहीत असतं, हे मी समजावलं. शुगरबद्दल काही वाचायला घेतलं, की त्याच पानावर शुगर मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात असते, हे तिनंही पाहिलेलं होतं. तिला पटलं. पण तिची अडचण वेगळीच होती. ती टाइप करत नाही, बोलते. गूगलच्या पट्टीवरच्या माइकशी ती मराठीत बोलते, आणि तिला उत्तर मिळतं. २०१७मध्ये गूगलच्या व्हॉइस सर्चला मराठी कळायला लागलं, तेव्हा तिच्यासारख्या कित्येकींसाठी इंटरनेट पहिल्यांदा उघडलं. मी ती पट्टी काढली, तर तिच्या खाजगीपणाची राखण होईल आणि वाचणंच बंद पडेल. “तू पुण्यात बसून सांगशील, इथं मला कोण दाखवायलंय?” हा प्रश्न तांत्रिक नाही. आमच्या बिटमॅप फॉन्टचाच हा प्रश्न आहे: ज्यानं आपली भाषा दाखवली, त्याला आपण किती दिलं आणि नाही म्हणायची सोय होती का?

शेवटी तिनंच ठरवलं. “दोन्ही राहू दे. पण मला न सांगता काही हलवू नकोस.”

तत्त्व म्हणून हे माझ्या मूळ बेतापेक्षा चांगलं आहे, असं मला वाटतं. तिला माझ्याइतकं तंत्र कळत नाही, पण तिच्या दिवसात काय अडतं ते मला कळत नाही. आपल्याला जास्त कळतं यातून सल्ला द्यायचा हक्क मिळतो. फोन आपला होत नाही.

लातूरचं नेट कॅफे

घरापुरतं ठीक आहे. पण एक माणूस शेकडोंसाठी ठरवतो तेव्हा? लातूरमध्ये नीट आणि सीईटीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं येतात. फॉर्मच्या दिवसांत नेट कॅफेबाहेर रांगा लागतात. आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँक खातं, ओटीपी, सगळं एका खुर्चीसमोर येतं. तिथल्या एका चालकाला मी विचारलं, कोणता ब्राउझर वापरता? “साईट ज्यात चालते, ते आमचं ब्राउझर,” ते म्हणाले. शेवटच्या तारखेला पोराचा फॉर्म जाणं हीच तिथली नीती, आणि ती खोटी नाही.

पण त्याच खुर्चीवर एक छोटी निवड रोज होते. ‘पासवर्ड सेव्ह करायचा?’ असं ब्राउझर विचारतो, तेव्हा काय दाबायचं? आणि फॉर्म इन्कॉग्निटो खिडकीत भरायचा की साध्या? इन्कॉग्निटोबद्दल गैरसमज फार आहेत. तुम्ही भेट देता त्या साईटपासून, इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून तो काही लपवत नाही. यावरूनच अमेरिकेत गूगलवर खटला झाला, आणि २०२४मध्ये तडजोड म्हणून जुन्या नोंदी नष्ट करायचं कंपनीनं कबूल केलं. पण कॅफेच्या संगणकावर तो अगदी खऱ्या उपयोगाचा आहे: सगळ्या खिडक्या बंद केल्या की लॉगिन पुसलं जातं, पुढच्या पोराला मागच्याचं खातं उघडं सापडत नाही. रांगेतल्या पोराला हे माहीत नसतं. खुर्चीवरच्याला असतं. ज्याला माहीत आहे, त्याच्यावर जबाबदारी जास्त.

आणि आम्ही, बनवणारे

‘माझ्या एकट्यानं ब्राउझर बदलून काय होणार?’ असं मित्र विचारतात. एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सगळे आतून गूगलच्याच क्रोमियमवर चालतात. केंद्राच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत २०२५मध्ये पहिला आलेला झोहोचा ‘उला’सुद्धा. युरोपसारखे मोजके अपवाद सोडले तर आयफोनवर नाव काहीही असो, आत ॲपलचं वेबकिटच असतं. मोठी इंजिनं तीनच उरलीत, आणि तिसऱ्या इंजिनाच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या, कमाईचा मोठा भाग गूगलकडूनच येतो. चित्र उत्साह वाढवणारं नाही.

तरी एक गोष्ट मी आतून सांगू शकतो. साईट कोणत्या ब्राउझरवर तपासायची, हे वापरणाऱ्यांची संख्या बघून ठरतं. शंभरातले दोन-तीनच जण एखादा ब्राउझर वापरत असतील, तर तो यादीतून गळतो. मग त्यात साईट मोडते, मग ते दोन-तीनही जातात. एकेकाळी सरकारी साईटींवर खाली ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसेल’ अशी पाटी असायची. जून २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो ब्राउझर निवृत्त केला, आणि त्याच्याच भरवशावर बांधलेलं सगळं उघड्यावर पडलं. आज ‘कृपया क्रोम वापरा’ अशी पाटी लावणारा इंजिनिअर तेच पुन्हा करतोय. ती एक ओळ हजारो लोकांच्या पानावरचा हात बाजूला सारते.

म्हणून अमुक ब्राउझर वापरा, असं मी सांगणार नाही. सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’ उघडून आपला कोणता आहे, तेवढं एकदा बघा. तोच ठेवावा वाटला तरी हरकत नाही. ठेवणं हीसुद्धा निवडच, फक्त ती आपण केलेली असावी. आणि घरात ज्यांच्या फोनचं सगळं तुम्हीच बघता, त्यांच्या फोनला पुढच्या वेळी हात लावण्याआधी दोन मिनिटं काढून काय करताय ते सांगा. त्या ‘नको’ म्हणाल्या, तर ते ‘नको’ चालू द्या.